आवाजाची रेघ

१२ फेब्रुवारी

वाजलं! वाजलं!!

चार दिवस झटत होते. आज एका खोक्याची वायर दुसऱ्या खोक्याला लावली, तिथून स्पीकरच्या खोक्याला — आणि टूँऽऽऽ. एवढंच. सरळ, न थांबणारं. खिडकीतलं मांजर पळालं. आई शिलाई मशीनवरून ओरडली, "अगं, कुणाचा गळा दाबतेयस?"

हे आवाज बनवायचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या काकांनी घालून दिलं. कॉम्प्युटरही त्यांच्याच दुकानातला, जुना. आईने त्यांना सगळ्या यंत्रांची कव्हरं शिवून दिली, त्याच्या बदल्यात. काका म्हणाले, "यात लिहायचं थोडं, बोलायचं अजिबात नाही. नुसतं जोडायचं. तुझ्यासाठीच बनवलंय बघ!"

रिकामा पडदा. त्यावर खोके काढायचे. खोक्यात त्याचं काम लिहायचं. एक आवाज काढतो, एक टिकटिक करतो, एक आवाज लहान-मोठा करतो. मग वायरी ओढायच्या. काम चुकीचं लिहिलं तर खोक्याची कड तुटक होते आणि त्याला वायरच लागत नाही. शाळेत मी तशीच होते. तुटक कडेची.

१५ फेब्रुवारी

टिकटिकवाला खोका जमला. आता टूँ-टूँ-टूँ असं तालात. आई म्हणते, गाडी मागे घेतायत का कुणी?

आज एक गिऱ्हाईक विचारत होतं, मुलगी शाळेत नाही जात? आई म्हणाली, "नाही. इथे काजं-बटणं तिच्यासारखी कुणी करून दाखवा." शाळा मी आठवीनंतर सोडली. हजेरीला "हजर" म्हणायचं, तेवढंही घशातून निघायचं नाही. कुजबुजायचे. बाईंना ऐकू जायचं नाही, गैरहजेरी लागायची, वर्ग हसायचा. समोर बसून गैरहजर! एक दिवस गेले नाही. मग गेलेच नाही. पुढच्या खोलीत आईचं दुकान आहे. गिऱ्हाइकांशी आई बोलते. फोन आई घेते. माझ्या वाटचं सगळं आईच बोलते.

१९ फेब्रुवारी

मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. आईचा आवाज तीन महिने बसलेला आहे. आम्हाला वाटायचं कपड्यांच्या धुळीमुळे.

गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, आवाजाची पेटीच काढावी लागेल. जीव वाचेल. श्वास गळ्याच्या भोकातून घ्यायचा.

"म्हणजे मुकी?" आईने विचारलं.

"आवाज राहणार नाही."

आई म्हणाली, "घरात एक आहेच. आता दोन."

डॉक्टरांना कळलं नाही. मला कळलं. मी रिक्षात रडले. आईनेच मला धरलं. उलटंच सगळं.

२० फेब्रुवारी

ऑपरेशनला ११ मार्च तारीख मिळाली.

२३ फेब्रुवारी

मी ठरवलंय. आईचा आवाज ठेवायचा आणि त्याचं गाणं करायचं.

आमचा फोन बटणांचा, त्यात काही साठत नाही. काकांकडे गेले. चिठ्ठी लिहून नेली होती, नाहीतर बोलता आलं नसतं. त्यांनी वाचली. फडताळातून माइक काढून दिला. मग घरी येऊन दाखवलं — आवाज ठेवायला पडद्यावर एक तक्ता करायचा. माइकमध्ये बोललं की तक्त्यात रेघ उमटते, डोंगरच डोंगर. मग ती रेघ वाजवायची. हळू, भरभर, उलटी, एकच शब्द शंभर वेळा.

जाताना म्हणाले, "दर दहा मिनिटांनी सेव्ह करत जा, नाहीतर बोंबलशील. आणि हा म्हातारा बंद करू नकोस. एकदा झोपला की उठेलच असं नाही. नुसता पडदा बंद करत जा."

२४ फेब्रुवारी

आई माइकसमोर पाहुण्यांसारखी बसली. पदराचं टोक हातात.

"काय बोलू?"

मी खुणेने सांगितलं, काहीही.

"आयुष्यभर लोक म्हणाले गप्प बस. आता म्हणे बोल!" मग खाकरली आणि मापं सांगायला लागली. कंबर एकोणतीस, उंची एकेचाळीस, मांडी बावीस, मोहरी चौदा. तिला तेच सुचलं. मग मशीनला देते त्या शिव्या दिल्या. "घे, शिव्याही घेऊन ठेव, लागतील." मग "गप्पूबाई, ऊठ!" हे दहा तऱ्हांनी. लाडाने, रागाने, तिसऱ्यांदा उठवताना म्हणते तसं. मग हसली. हसण्याचे डोंगर सगळ्यात उंच आले!

शेवटी म्हणाली, "हा काही माझा आवाज नाही गं. फाटकाय. माझा खरा आवाज खणखणीत होता. गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा. विचार तुझ्या मावशीला."

मग — "तू पण बोल ना माझ्याबरोबर. तुझा आवाज कसाय तेच विसरले मी. नुसती फुसफुस."

मी मान हलवली. नाही.

बोलायला हवं होतं. लिहून ठेवते.

१ मार्च

तिचा "ऊठ" चारपट हळू केला तर दूरच्या बोटीचा भोंगा वाजल्यासारखा लागतो. "एकेचाळीस" मधला "चाळीस" टिकटिकवर बसवला. ताल मिळाला! मापंच मापं. दिवसभर सेव्ह, सेव्ह, सेव्ह.

५ मार्च

गाणं तीन मिनिटांचं झालं. आईला अजून ऐकवायचं नाही. परत घरी आल्यावर. तिला म्हटलं (कानात) तर म्हणाली, "म्हणजे घरी यावंच लागेल."

९ मार्च

इस्त्रीच्या पिनेच्या बोर्डातून धूर आला. काळा पडलाय. काकांना वेळ नाही, पुढच्या आठवड्यात येतील.

१० मार्च

आज कॉम्प्युटरला हात लावला नाही. सकाळी मी शिवलेले कपडे पोचवायला गेले, ते संध्याकाळी आले. शिवायचं सगळं संपवलं आईने, एकही कपडा मागे ठेवला नाही. माझा निळा ड्रेस इस्त्री करून हँगरला. जेवताना खूप बोलली. फाटक्या आवाजात, थांबून थांबून. मी नुसती ऐकत होते. झोपताना म्हणाली, "झोप गं." तेच शेवटचं. मला वाटलं होतं, शेवटचं काहीतरी मोठं असेल.

११ मार्च

सात तास. झालं. जिवंत आहे.

१४ मार्च

मावशी गावाहून आली. आईला बघून बाहेर बाकावर येऊन बसली. "ताईचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही गं. आम्ही नुसत्या बोलायचो. बोललेलं कोण ठेवतं? बरं झालं तू ठेवलास. शहाणी माझी." माझ्या डोक्यावर हात ठेवला.

उद्या घरी जाऊन आईचे कपडे आणायचेत. गाणंही ऐकेन.

१५ मार्च

नाही.

१६ मार्च

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते.

घरी गेले तेव्हा कॉम्प्युटरची पिन जमिनीवर होती. वायर नीट गुंडाळून दोऱ्याने बांधलेली, आई बांधते तशी. भिंतीत तिच्या जागी इस्त्रीची पिन. बोर्ड जळाला होता ना. तिने माझा निळा ड्रेस इस्त्री केला. मी ११ तारखेला दिवसभर तोच घातला होता.

तरी मला भीती वाटली नाही. मी दर दहा मिनिटांनी सेव्ह केलं होतं! म्हातारा उठला. खोके सगळे जागेवर. वायरी सगळ्या. वाजवलं. टिकटिक आली. टूँ आली. आई आली नाही.

तक्ता उघडला. सपाट रेघ. एकही डोंगर नाही.

पळत काकांकडे. त्यांनी येऊन पाहिलं, चष्मा काढला. "पोरी, यात सेव्ह होतात ते खोके नि वायरी. तक्त्यातला आवाज कॉम्प्युटर बंद झाला की पुसला जातो, तो वेगळा लिहून ठेवायला लागतो. त्याचा खोका वेगळा. मला वाटलं तुला माहितीय. मी सांगायला हवं होतं..."

आवाज कुठे कुठे जातो ते सगळं जपलं मी. आवाजच नाही.

२२ मार्च

हे फक्त इथे लिहिते. आईला पिनेचं कधीच सांगणार नाही. कधीच. तिने इस्त्री केली फक्त.

२८ मार्च

आई घरी आली. गळ्याला पांढरी पट्टी, मध्ये भोक, त्यातून श्वास. सू-सू. काळ्या अस्तराच्या तुकड्यावर शिवणाच्या खडूने लिहिते. झटकलं की पुसलं.

पहिलं लिहिलं — चहा.

दुसरं — गाणं?

मी म्हटलं, काम चालू आहे. खोटं बोलले. बोलते तेवढं खोटंच बोलते.

३ एप्रिल

फोन वाजत राहतो. आई घेऊ शकत नाही, मी घेत नाही. दोघी त्याच्याकडे बघत बसतो. मग तो थांबतो. मावशीच असणार.

दवाखान्यातून सांगितलंय, पुढे एक यंत्र मिळेल, गळ्याला टेकवायचं, त्यातून बोलता येतं. तिथे एका आजोबांनी बोलून दाखवलं होतं. माझ्या पहिल्या टूँसारखं. आईने कपड्यावर लिहिलं — गाडी मागे घेतायत.

हसली. हसण्याचाही आवाज नाही. नुसते खांदे.

७ एप्रिल

तिचा आवाज आठवायला बसले. मनात "ऊठ" म्हणून बघते, तर फाटका तेवढा येतो. त्याच्या आधीचा येतच नाही. सोळा वर्षं रोज ऐकला! कसा गेला?

१२ एप्रिल

आईने हट्टच धरला. कपडाभर मोठं लिहिलं — आज ऐकव.

ऐकवलं. तीन मिनिटं. टिकटिक, टूँ, आणि जिथे ती होती तिथे काही नाही. मी तिच्याकडे बघितलं नाही. ती बोटाने टेबलावर ताल धरत होती. रिकामी जागा आली की बोट थांबायचं. बरोबर जागेवर थांबायचं. गाणं संपलं. तिने खडू उचलला.

मग लिहिलं — माझी जागा ठेवलीस?

मी म्हटलं, भरायचीय अजून.

तिने कपडा झटकला. लिहिलं — सावकाश.

मी आत जाऊन उशीत तोंड घातलं. तिला ऐकू जाऊ नये म्हणून. तिचे कान तर शाबूत आहेत.

१३ एप्रिल

काही नाही. अठरा काजं.

१९ एप्रिल

सकाळी फोन. वाजला, थांबला, परत वाजला. आईच्या हातात कापड होतं. तिने कात्री टेबलावर आपटली — घे! दोनदा आपटली. घेतला. पलीकडे नुसती खरखर, "ऐकू येत नाहीये, ऐकू येत नाहीये" चाललेलं. म्हणून मी मोठ्याने म्हटलं. कधी म्हणत नाही तेवढं मोठ्याने — "हॅलो! कोण बोलतंय?"

खरखर थांबली.

मग मावशी. एकदम बारीक. "ताई?... ताई, तुझा आवाज... अगं, पहिल्यासारखा..."

फोन कानाला तसाच धरून मी आईकडे बघितलं. तिने सगळं ऐकलं होतं. कात्री हातातच. अस्तराचा तुकडा सापडेना, म्हणून तिने गिऱ्हाइकाच्या, टेबलावर शिवायला पडलेल्या काळ्या कोटावरच खडूने लिहिलं —

परत म्हण.