घागर पक्षाची निरवानिरव

मी, माणिकराव वल्द चंद्रभान, वय एकसष्ट, धंदा शेती व भाषणे, राहणार जिंतूर, जिल्हा परभणी, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. लोकसभेच्या दोन निवडणुकांत मतदारांनी याविषयी शंका घेतली. पण डॉक्टरांनी घेतलेली नाही. छाती मात्र आता भाषणाची उरलेली नाही, म्हणून हे कागदावर.

कलम १. राहते घर पत्नी मनकर्णा हिचे. पुढल्या खोलीत दहा वर्षे कष्टकरी समता दलाची कचेरी होती आणि ती मागे धुरात स्वयंपाक करीत होती. समतेवर मी पुढे बोलत असे. पाटी काढून तिने तिथे हवे ते करावे.

कलम २. माझी पुस्तके गावच्या वाचनालयास. समासातल्या माझ्या टिपांकडे दुर्लक्ष करावे. बऱ्याच ठिकाणी मी लेखकाला हरवले आहे. तेवढेच माझे विजय.

कलम ३. सभेचा पत्र्याचा भोंगाही मनकर्णाला, रॉकेल ओतायला. निदान त्यातून काहीतरी योग्य जागी पडेल.

कलम ४. बन्सीधरविषयी. हे कलम लांबेल.

बावन्न साली आमचे चिन्ह घागर. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह. उमेदवार मी, आणि आमच्या पेठेतल्या केंद्रावर प्रतिनिधी माझा मित्र बन्सीधर. पेठेतल्या दोनशे बायांनी मत देऊ म्हणून सांगितले होते. पेटीतून अकरा मते निघाली. अनामत जप्त झाली, ती मनकर्णाच्या पाटल्या मोडून भरलेली होती. मी निष्कर्ष काढला की बन्सीधर फुटला. आठवडी बाजारात त्याला समोर उभा करून दीड तास गद्दार म्हणालो. ते माझे सर्वोत्तम भाषण होते. संपल्यावर तो एवढेच म्हणाला, "माणिकराव, झालं का? पाणी प्या." पुढे त्याच्या मुलीच्या, कोकिळाच्या, लग्नाची पत्रिका मी परत धाडली. सत्तावन्न साली त्याच्यावाचून लढलो आणि आणखी जोरात पडलो.

गेल्या महिन्यात अंथरुणात पडल्यापडल्या मी पुन्हा तोच विषय काढला. मनकर्णा काढा उकळत होती.

"बन्सीभावजींनी काय केलं? आमी समद्या बायांनी घागरीच्या पेटीवर कागद ठिवले, हळद-कुंकू वाहिलं, पाया पडून आलो."

"पेटीवर? आत नाही टाकले?"

"तुमीच सभेत म्हणला होतात ना, मत देवाला फूल वाहतो तसं वाहा म्हणून. फूल काय फटीतून आत कोंबतेत व्हय?"

पेटीवरचे कागद मोजत नाहीत. पेट्या पडद्याआड होत्या. बन्सीधरला दिसणार तरी काय? पक्ष त्याने बुडवला नाही, माझ्या एका उपमेने बुडवला. सहा वर्षे हे तिने का सांगितले नाही, असे विचारले. ती म्हणाली, "तुमी बोलायचं थांबलात कवा?"

सबब बन्सीधरला द्यायला माझ्याजवळ माफीशिवाय काही नाही. ती मी त्याच बाजारात मागायला हवी होती, पण पाय चालत नाहीत.

कलम ५. कष्टकरी समता दल मी आजपासून बरखास्त करतो. सभासद एकटा मीच उरलो असल्याने ठराव एकमताने मंजूर. दलाच्या इतिहासातले हे पहिलेच एकमत.

कलम ६. हा कागद वाचून दाखवायला माणूस बन्सीधरकडे धाडत आहे. साक्षीदाराची दुसरी जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवावी. एका साक्षीने मृत्युपत्र टिकत नाही, असे हा कागद लिहून घेणारे अर्जनवीस दिनकरराव बजावतात. तो न आल्यास टिकू नये. मनकर्णा म्हणते, "येतील. ते तुमच्यासारखे न्हाईत."

वरील मजकूर मी स्वतः सांगितला, वाचून घेतला, आणि प्रथमच माझे बोलणे मला लांबलेले वाटले.

मुक्काम जिंतूर, दिनांक ९ मार्च १९५८.

सही: माणिकराव चंद्रभान

साक्षीदार:

१. दिनकरराव, अर्जनवीस, जिंतूर.

२. बन्सीधर आश्रुबा, राहणार जिंतूर. कष्टकरी समता दल, सभासद क्रमांक दोन. वर्गणी चालू आहे. कलम ५ च्या ठरावास माझा विरोध नोंदवावा.