चढलेला आकडा

८ जानेवारी
शांताला आयसीयूत नेऊन दोन दिवस झाले. फुप्फुसाच्या नळ्यांत दाब वाढलाय, त्यानं हृदय थकलंय म्हणतात. रक्तात बीएनपी नावाचं काही बघतात, त्यावरून पुढचं कळतं. आज ८४०. वहीत मांडलं. किती असावं ते विचारायचं राहिलं. भेट संध्याकाळी, दहाच मिनिटं.

९ जाने.
११२०. नर्सनं कागद दाखवला, घाईत होती. चढला! डेअरीत चौतीस वर्षं दुधाचं फॅट तपासलं, आकडा चढला की दूध चांगलं. शांताला सांगितलं. मास्कच्या आतून म्हणाली, "मी काय म्हैस आहे, फॅट लागायला?" हसली. लगेच धाप. उगाच हसवलं.
शांताजवळ असतानाच लताचा पुण्याहून फोन. "बाबा, निघू का?" तिच्या पोराची परीक्षा आहे. म्हटलं, आईचा आकडा चढतोय, नको येऊस.

१० जाने.
१३९०. अंबरपेठला घरी येऊन पोटभर जेवलो, चार दिवसांनी. पण पाय कालच्यापेक्षा सुजलेत तिचे. डोळे उघडत नव्हती. आकडा चांगला, मग असं का

११ जाने.
आज मोठे डॉक्टर सापडले. वही पुढे केली. "चढतंय ना, साहेब?" त्यांनी वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चाचा, ये बढना अच्छा नै. दिल पे जोर पड़ा तो बढता. कम होना."
बाकावर बसलो. सातवी शिकलेला माणूस मी, पण विचारायला काय झालं होतं? आणि लताला मीच...
फोन केला. "ये." "परवा तर नको म्हणालात!" "ये बाई, आधी ये." परवा सकाळी पोचेल.
आजचा १५६०. संध्याकाळी शांतानं विचारलं, किती? तोंडातून निघालं, "चढलाय." तिला बरं वाटलं.

१२ जाने.
१४८०. उतरला! नर्स म्हणाली, "मंचिदे, तातगारू." चांगलंच आहे, आजोबा, असं. डॉक्टर मात्र, "एक दिन का नै देखते. गुर्दे का देखना, सोडियम देखना. कल फिर खून लेते."
शांताला सांगितलं. उतरला म्हणताच तिचा चेहरा उतरला. अगं, उतरलेलाच चांगला, मी डेअरीसारखं समजलो, माझी चूक. ऐकेना. मास्क बाजूला करून म्हणाली, "बेचाळीस वर्षांत तुम्हाला धड खोटं बोलता आलं नाही."
देवाची शपथ घेतली. म्हटलं, लता येतेय, तिलाच विचार.
"तिला नको म्हणाला होतात ना? आता बोलावलंत." तोंड फिरवलं. "कळलं मला."
वेळ संपली. नर्सनं बाहेर काढलं. काचेतून हात केला, बघितलं नाही तिनं.
रक्त सकाळी सहाला घेतात. लताची गाडी नऊला. आकडा दहापर्यंत येतो.