वेदीमागची मोरी

शनिवार, १० जानेवारी

सेंट ब्रेंडन चर्चचा बॉयलर बंद पडला. चाळीस वर्षं या गावाचे नळ दुरुस्त करतोय, पण त्या लाल दाराच्या आत आज पहिल्यांदा पाय टाकला. एपिस्कोपल पंथ म्हणजे जुनी, पैसेवाली घराणी, असं आई म्हणायची. आम्ही बॅप्टिस्ट, खेकडे धरणाऱ्यांची पोरं. त्यांच्या घरी जायचो ते मागच्या दाराने. पुढे मीही जातच राहिलो — पाना घेऊन.

तळघरात होतो तेव्हा वर कुणीतरी ऑर्गन वाजवत होतं. चुकायचं, थांबायचं, परत तेच. काम संपलं तरी मी खाली बसून राहिलो. माझी बायको व्हर्ना गेल्याला दोन वर्षं झाली. घरात चुकणारंही कुणी नाही.

वर आलो तर वेदीमागच्या खोलीत एक म्हातारी कापडं इस्त्री करत होती. मिस हेन्रिएटा डॅशील. वय त्र्याऐंशी, पाठ पट्टीसारखी. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "झालं म्हणतोस? मग उद्या दहाला ये. तास-दीड तास बसून बघ, खरंच ऊब येते का."

रविवार, ११ जानेवारी

गेलो. बॉयलर उत्तम.

माझं मात्र काही खरं नव्हतं! हातात तीन पुस्तकं, आणि कधी कुठलं उघडायचं ते सांगायला कुणी तयार नाही. पुढच्या चार रांगा मोकळ्या दिसल्या. म्हटलं, वा, मोक्याची जागा! बसलो. सगळं गाव मागे दाटीवाटीने. पुढे कुणी बसतच नाही, हे नंतर कळलं. म्हणजे बघून बघून करायला माझ्यासमोर माणूसच नाही. सगळे उभे तेव्हा मी बसलेला, सगळे गुडघ्यावर तेव्हा मी खांबासारखा उभा.

मागे कुजबुज झाली. माझे कान अजून शाबूत आहेत.

"कोण गं तो?"

"एल्वुड टल. प्लंबर."

"अस्सं. पाइप फुटला असेल."

आणि प्रभुभोजनाला वाइन — खरी! सकाळी अकराला! एकच चांदीचा प्याला, सगळ्यांना. आमच्याकडे द्राक्षाचा रस असायचा, अंगठ्याएवढ्या पेल्यांत, ज्याचा त्याचा. इथे मिस हेन्रिएटाने घोट घेतला, कडा पुसली, मग मी. आधी कसंसंच झालं. मग बरं वाटलं. दोन वर्षांत कुणाबरोबर एका भांड्यातून काही प्यालो नव्हतो.

दाराशी पाद्रीबाई उभ्या होत्या, कॉरिन पेल. विचारलं, "तुम्हाला काय म्हणायचं? फादर तर म्हणता येत नाही."

"कॉरिन म्हणा. रेव्हरंड लोक फक्त माझ्यावर चिडल्यावर म्हणतात."

रविवार, १८ जानेवारी

परत गेलो. आज दोनदाच चुकलो.

मंगळवार, २७ जानेवारी

वेदीमागच्या खोलीतला नळ गळतोय म्हणून मिस हेन्रिएटाने बोलावलं. ती खोली म्हणजे तिचं राज्य. प्याले, ताटल्या, कापडं, मेणबत्त्या — सगळं ती आणि तिच्या दोन मैत्रिणी बघतात. किल्ली माझ्या हातात देताना इतका वेळ विचार केला, जणू मुलगी देते आहे.

नळ दहा मिनिटांत झाला. शेजारी एक छोटी मोरी आहे, झाकणाची. सहज म्हणून हिचं पाणी कुठे जातं ते बघायला फरशीखालच्या बुटक्या पोकळीत सरपटत गेलो — आणि कपाळाला हात लावला! पाइप सरळ मातीत! कशाला जोडलेलाच नाही. शंभर वर्षांपूर्वी कुणी कामचुकार गडी अर्धवट टाकून गेला, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही.

अडीच तास पोटावर पडून, कोळिष्टकं खात, सांडपाण्याच्या लाइनला नीट जोडून दिला. सांधा असा बसवलाय की माझ्यानंतरही पन्नास वर्षं बघायला नको.

कुणाला बोललो नाही. गुप्तदान! किल्ली परत करताना एवढंच म्हणालो, "नळ झाला."

रविवार, ८ फेब्रुवारी

प्रार्थनेनंतर खाली हॉलमध्ये कॉफी. खरं चर्च तिथेच भरतं. पाहुण्यांना जागा दाखवणारा रँडल वेस्कॉट माझ्या प्लेटमध्ये हॅम भरलेली मऊ बिस्किटं टाकत म्हणाला, "पाचव्यांदा आलास की रे! आता सुटका नाही. पुढच्या महिन्यात भांडी घासायला लावतील."

"मी आत्ताही घासीन."

"हळू बोल. त्या बायका ऐकतायत."

घासली. मजा आली.

रविवार, १५ फेब्रुवारी

बिशप २६ एप्रिलला येणार. ज्यांना रीतसर इथलं व्हायचंय त्यांच्या डोक्यावर हात ठेवणार. कॉरिनबाईंनी विचारलं, "तुमचं नाव घालू?"

एकसष्ट वर्षांत कुठेही अर्ज करून शिरलो नाही. धंदा माझा मी उभा केला. 'बघतो,' म्हणणार होतो. तोंडून निघालं, "घाला."

वर्ग सुरू होतील. दर बुधवारी, सूप आणि ब्रेड घेऊन.

बुधवार, १८ फेब्रुवारी

राखेचा बुधवार, उपवासाच्या दिवसांची सुरुवात. कपाळावर राखेचा क्रूस काढून घेतला. तसाच एका गिऱ्हाइकाकडे गेलो. ती म्हणाली, "एल्वुड, चिमणी साफ करून आलास का?"

बुधवार, ११ मार्च

काय करून बसलो मी!

वर्गात आज वेदीबद्दल चाललं होतं. सूप छान होतं, मी दुसऱ्यांदा घेतलं होतं. कॉरिनबाई सांगत होत्या — प्याल्याच्या तळाशी जे उरतं, प्याला धुतल्याचं जे पाणी, ते सांडपाण्यात जाऊ द्यायचं नाही. एकदा वेदीवर ठेवलं की ती नुसती वाइन राहत नाही. ती मातीला द्यायची. म्हणून वेदीमागे एक वेगळी छोटी मोरी असते, मुद्दामच कशाला न जोडलेली.

चमचा हातातून पडला. रँडल म्हणाला, "गरम आहे होय?"

त्या कामचुकार गड्याची मनातल्या मनात माफी मागितली. आणि मग मोजलं. सहा रविवार. राखेचा बुधवार वेगळा. सगळं गावच्या गटारात. माझ्या उत्तम सांध्यातून.

शनिवार, १४ मार्च

सोपं होतं. नळ परत बघायचाय असं सांगून किल्ली मागून घेतली. फरशीखाली गेलो. करवत पाइपला लावली. दहा मिनिटांचं काम; कुणाला काही कळणार नाही.

करवत लावून तसाच पडून राहिलो. न विचारता जोडला, आता न विचारता तोडायचा? मग एप्रिलमध्ये बिशपसमोर गुडघे टेकायचे, ते कुठल्या तोंडाने? काही न करता बाहेर आलो. शर्टाची मात्र वाट लागली.

पण सांगितलं तर? परवापर्यंत मागच्या दाराने येणारा प्लंबर. त्यांच्या सगळ्यात जपलेल्या गोष्टीत हात घालून बसलोय. कॉरिनबाई हसतील कदाचित. मिस हेन्रिएटा हसणार नाही. तिने नुसतं एकदा बघितलं, तरी मी त्या दारातून परत जायचो नाही. मला ते दार हवंय.

रविवार, १५ मार्च

सगळे मिळून चुकांची कबुली म्हणतात, त्यात मध्ये क्षणभर शांतता असते. आज ती फार लांब वाटली. प्याला पुढे आला, तो हात बांधून नाकारला. मिस हेन्रिएटाने बघितलं.

सात रविवार झाले.

मंगळवार, १७ मार्च

कॉरिनबाईंकडे गेलो. शुक्रवारी नावं बिशपकडे जायची आहेत. म्हणालो, "माझं नाव काढा, रेव्हरंड."

"रेव्हरंड? मी काय केलं?"

"तुम्ही नाही. मी." सगळं सांगितलं. सांधा किती चांगला बसलाय तेही सांगितलं, राहवलं नाही.

त्या हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एल्वुड, देव गोठ्यात जन्मला, चोरांच्या मध्ये मेला. गटार त्याला जड जाणार नाही. तुमचं नाव मी काढणार नाही. पण ती मोरी माझी नाही. जिची आहे, तिला सांगा."

बिशप परवडले असते.

बुधवार, १८ मार्च

सांगितलं.

ती इस्त्री करत होती. मी टोपी हातात घेऊन दारात उभा, शाळेत उभं करतात तसा. अडखळत बोललो, बापजन्मात एवढा अडखळलो नाही. माझं संपलं तरी तिची इस्त्री चालूच. कापडाच्या चारही कडा मोडून, घडी घालून, कपाटात ठेवून झालं.

मग म्हणाली, "उद्या नऊला ये. करवत आण."

एवढंच. रागावली की नाही, काही कळू दिलं नाही.

गुरुवार, १९ मार्च

पाइप तोडला. जुनं तोंड परत मातीकडे केलं. मी फरशीखाली पोटावर, ती वर मोरीपाशी. तिचा आवाज त्या मोकळ्या पाइपातून माझ्या कानाशी आला.

"एल्वुड, ऐकू येतंय? एक थेंबही गटारात गेलेला नाही. प्याल्याचं पाणी ओतण्याआधी मी नेहमी साधं पाणी ओतते. पंचेचाळीस वर्षं ते गुपचूप जायचं. तू नळ केलास त्यानंतरच्या रविवारी घशात अडकल्यासारखं वाजलं. तेव्हाच कळलं, कुणाचं काम. मग दर वेळी प्याला बाहेर नेला, हॉलीच्या झाडाखाली मातीत ओतला. बर्फातसुद्धा."

"त्याच दिवशी सांगायचं ना, मिस हेन्रिएटा!"

"नवीन माणसं काहीतरी हौसेने करतात. मी टोकते. आणि ती जातात. आत्तापर्यंत तीन घालवलीत मी." वर कापड झटकल्याचा आवाज आला. मग, "सांगितलं असतं तर तू परत आला असतास?"

खाली मी पाइपाचं तोंड मातीत नीट बसवत राहिलो. नसतो आलो.