शुद्ध पाटीची बॅटरी

३ नोव्हेंबर, सोमवार
लॅपटॉप पुन्हा तेच सांगतोय. प्लग्ड इन, नॉट चार्जिंग. बॅटरी सहा टक्के. पिन निघाली की लगेच बंद.
घाबरण्यासारखं काही नाही. शुक्रवारी, चौदा तारखेला, पुण्याच्या प्रकाशन संस्थेची ऑनलाइन प्रूफरीडिंग चाचणी आहे. घरबसल्या काम. संपादक मैत्रेयी मॅडम फोनवर म्हणाल्या, डिग्री नसली तरी चालेल, शुद्धलेखन पक्कं हवं. म्हणजे निवड जवळजवळ झालीच. बारावीचं इंग्रजी राहिलंय, ते काय, कधीही निघेल.
पप्पांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. हे काम मिळालं तर ठीक. नाहीतर एक तारखेपासून त्यांच्या एमआयडीसीतल्या कंपनीत पॅकिंगला हेल्पर. सुपरवायझरशी बोलूनही ठेवलंय. मला विचारायचं तरी.

४ नोव्हेंबर, मंगळवार
व्हिडिओत सांगितलं होतं, बॅटरी काढून पॉवर बटण तीस सेकंद दाबा. मी साठ दाबलं. मग ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. आता आवाज येत नाही. प्रूफरीडिंगला आवाज लागत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार
एका माणसाने लिहिलंय की बॅटरी फ्रीजरमध्ये ठेवली की आतले सेल जागे होतात. हवाबंद पिशवीत ठेवली. आईने सकाळी पिशवी उघडून विचारलं, हे कुठले बोंबील आणलेस, वासच येत नाही.
निकाल: सहा टक्के. थंडगार.
ऋता म्हणाली, दादा, म्हातारी झालीय ती, नवीन टाक ना. हिला लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्या हलवून सगळं कळतं असं वाटतं.

८ नोव्हेंबर, शनिवार
उल्हासनगर, कॅम्प दोन. सगळ्यांनी सांगितलेलं दुकान. पाटीवर 'लेपटोप बेटरी रिपेरींग'. ज्याला बॅटरीवर चंद्र लावता येत नाही तो बॅटरी काय लावणार? शांतपणे तसं सांगितलं. सिंधी सेठ म्हणाला, साईं, तू बोर्ड वाचायला आलास की मशीन दाखवायला? दुकानातली माणसं हसली. मी बाहेर पडलो. तत्त्वाचा प्रश्न होता.
मागच्या गल्लीत दुसरं दुकान मिळालं. 'लॅपटॉप दुरुस्ती व विक्री'. दुरुस्तीतला रु पहिला. डोळे निवले. त्याने पाच मिनिटांत बॅटरी बसवली. कंपनीची आहे का विचारलं तर म्हणाला, कंपनीसारखी आहे. प्रामाणिक माणूस. गॅरंटी विचारली तर म्हणाला, दुकानात आहेस तोपर्यंत फुल. विनोदीही आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
शंभर टक्के! स्क्रीनवर स्पष्ट दिसतंय. ऋता म्हणते, वायर काढून एकदा बघ तरी. नव्या बॅटरीला पहिल्या आठवड्यात दमवू नये, हे तिला कोण समजावणार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
मेसेज आला. उद्या आमच्याकडे, अंबरनाथ पूर्वेला, दुरुस्तीसाठी वीज बंद, सकाळी नऊपासून. चाचणी अकराला.
आई म्हणाली, बदलापूरला मावशीकडे जाऊन बस, तिच्याकडे इन्व्हर्टर आहे. मावशीचा टीव्ही दिवसभर चालू असतो. शिवाय माझ्याकडे शंभर टक्के आहे. नेट मोबाइलवरून घेईन. आई म्हणाली, बाबा रे, जा की. नाही म्हणालो. स्वतःच्या तयारीवर विश्वास हवा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
नऊला वीज गेली. शंभर टक्के. लॅपटॉप बंद. दोन्ही गोष्टी एकाच क्षणी.
मावशीकडे निघावं म्हटलं, पण आधी बॅटरी काढून बसवली. पुसून बसवली. उलटी धरून बसवली. तोवर अकरा वाजून गेले होते.
रात्री पप्पा आणखी एक पोळी मागून घेऊन जेवले. विचारलं असतं तर उत्तर तयार होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
मॅडमना वीज गेल्याचं कळवलं होतं. त्यांचा मेसेज आला: 'हरकत नाही, पुन्हा घेऊ. मोबाइलवरून दिलीत तरी चालेल. वेळ निश्चीत करून कळवते.'
निश्चीत!
आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं. इतक्या मोठ्या संपादक अशी चूक करतीलच कशा? हीच चाचणी आहे. न सांगता घेतलेली. लगेच उत्तर पाठवलं: 'निश्चित. दोन्ही वेलांट्या पहिल्या. तत्सम शब्द. प्रूफरीडिंगमध्ये अशी ढिलाई परवडत नाही.' दोन निळ्या खुणा आल्या. पास.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
उत्तर नाही. निवडपत्र बनवायला वेळ लागतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
मॅडमचा मेसेज. 'दुसऱ्या उमेदवाराची नेमणूक झाली आहे. शुभेच्छा.' दोनदा तपासला. एकही चूक नाही.
ऋताला सगळं दाखवलं. तिने चॅट वर सरकवून माझं उत्तर वाचलं. म्हणाली, अरे, त्या तुला परत बोलवत होत्या आणि तू त्यांनाच नापास केलंस? मी म्हणालो, चूक ती चूक. ती म्हणाली, हो ना, आता जेवायला ये.
माणसांना खरं सोसत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
पप्पांनी विचारलं, सोमवारी येतोस ना. मी म्हणालो, तात्पुरता. ते म्हणाले, मीपण तात्पुरताच लागलो होतो.

१ डिसेंबर, सोमवार
पहिली पाळी. गेटवर सुपरवायझरने गळ्यात घालायचं कार्ड दिलं. त्यावर छापलंय 'उन्मेश'. माझ्या नावात पोटफोड्या ष आहे. तोंड उघडलं. पप्पा शेजारी उभे होते, त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. मी कार्ड गळ्यात घातलं.
दिवसभर सगळे त्याच नावाने हाका मारत होते. ऐकायला सारखंच येतं.