‘माझ्यामागे या’ असं मी म्हणाले खरं

तीर्थरूप आत्याला वाकून नमस्कार (निम्माच वाकलेय, कंबर लचकलीय, कारण पुढे येईलच). तुझे गुडघे काय म्हणतात? तेल चोळतेस की नुसतीच बाटलीकडे बघतेस? मी ठीक आहे, म्हणजे जेवते-झोपते. पण आत्या, तू मला कुठे पाठवलंस, याचा धसका अजून ओसरलेला नाही.

शिबिराचं नाव ‘आदिवासी युवा नेतृत्व विकास’. मला वाटलं, शिक्षण खात्याच्या साहेबांसमोर कसं उभं राहायचं, काय बोलायचं, हे शिकवतील. पुढच्या महिन्यात आपल्या वस्तीची शाळा बंद होणार, ती वाचवायला कुणीतरी बोलायला हवं, म्हणूनच तर तू मला धाडलंस. इथे पहिल्याच सकाळी प्रशिक्षक बाईंनी (गळ्यात कायम शिट्टी, म्हणून आम्ही त्यांना शिट्टीताई म्हणतो, स्वभावाने अगदी मऊ) मला टेबलावर उभं केलं आणि डोळे मिटून मागे पड म्हणाल्या. सोबती झेलतील, याला विश्वास म्हणतात म्हणे. मी पडले. सोबती सगळे आपल्यासारखेच डोंगरातले, चांगल्या वळणाचे. धडधाकट मुलगी आपणहून पडतेय म्हणजे तिचं काहीतरी कारण असणार, आपण कशाला अडवा, असा विचार करून ते अदबीने बाजूला झाले.

पण खरा धक्का परवा बसला. प्रत्येकाने खुर्चीवर चढून, छाती ठोकून, ‘मी नेता आहे, माझ्यामागे या’ असं ओरडायचं होतं. आपल्याकडे कुणी स्वतःचं नाव स्वतःच पुढे केलं, तर आपण आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघतो. (शाळेचं घोडं तिथेच तर अडलंय. साहेबांकडे जायला सगळेच लायक, पण ‘मी जातो’ म्हणायचं कुणी? तुम्ही जा, छे, तुम्हीच जा, असं करता करता बंदची नोटीस दाराला चिकटली.) एका मुलाने ‘मी नेता आहे’ म्हणून लगेच सगळ्यांची माफी मागितली. एक मुलगी म्हणाली, माझी बहीण माझ्याहून बरी आहे, तिला बोलावून घेऊ का? शिट्टीताई अगदी रडकुंडीला आल्या. मला त्यांची दया आली, आणि त्या दयेपोटी मी चढले आणि अशी काही ओरडले की खिडकीतली कबुतरं उडाली.

ते कुणीतरी मोबाइलवर टिपलं आणि त्याच संध्याकाळी ते वस्तीवर पोचलं, हे मला आज सकाळी कळलं. तेव्हापासून मी डोक्याला हात लावून बसलेय. आई पाणवठ्यावर कुठल्या तोंडाने जात असेल? आत्या, आता तूच सांभाळून घे. घरोघर सांग की पोरगी शेफारलेली नाही, तो नुसता सराव होता, आणि मागे वगैरे कुणी यायचं नाही. मला फार लाज वाटतेय.

तुझी, तोंड लपवून बसलेली भाची

ता. क. पाकीट चिकटवतेय तोच वॉचमनकाका आले. फाटकाबाहेर माणसं आलीत, अंथरूण-पांघरुणासकट. निरोप असा, की “तू म्हणालीस म्हणून मागे आलो. आता कुठे जायचं तेवढं सांग.” मी खिडकीतून पाहिलं. अख्खी वस्ती आहे, आत्या. आई आहे. शाळेतली मुलं दप्तरं घेऊन आलीत. आपल्यात असलं कुणी उगाच बोलत नाही, म्हणून सगळ्यांनी ते खरंच धरलं. शिट्टीताई मटकन खाली बसल्या. इतकी वर्षं शिबिरं घेतली, पण त्याचा कुणावर परिणाम झालेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला म्हणे.

आणखी एक ता. क. आत्ता तू दिसलीस. सगळ्यांच्या पुढे, वळकटीवर बसलेली. तेव्हा हे पत्र टपालात न टाकता वॉचमनकाकांच्या हाती देतेय, कारण असल्या तोंडाने समोर येववत नाही. वरचं ते सराव वगैरे कुणाला सांगू नकोस. साहेबांचं ऑफिस याच रस्त्याच्या टोकाला आहे. ते जेवायला उठायच्या आत पोचायला हवं. मी तोंड धुऊन आलेच. शाळेचं मीच बोलते. तू फक्त दारापाशी अशी उभी राहा, की मी मागे वळून पाहिलं तर मला तू दिसशील.