हात न टेकता

वॉलॉंगॉंग
१४ जून २०२५

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. हा नुसता लिहिण्यापुरता समज, कारण या आठवड्यात मला साधं वाकताही येत नव्हतं. आम्ही मजेत. इथली जूनची थंडी कडाक्याची पडलीय, हृषिकेशने हीटरसमोर मुक्काम ठोकलाय. तुझी नवी व्हीलचेअर बाथरूमच्या दारातून जाते ना?

फोनवर आई तुझ्या मागेच उभी असते, म्हणून ही ईमेल. तिला वाचून दाखवू नकोस.

लाँग वीकेंडला आम्ही पेरिशरला स्कीइंगला गेलो, दोन वर्षांनी. मधल्या हिवाळ्यांत मी कधी ऑफिसचं, कधी मैथिलीच्या परीक्षेचं निमित्त काढत होते. यंदा मात्र मीच हट्ट धरला. सीझनची नुकती सुरुवात, बर्फ बेताचाच, त्यामुळे सगळी गर्दी एकाच उतारावर. पण मी दिवसभर थांबले नाही. लिफ्टने वर जायचं, घसरत खाली यायचं, की पुन्हा वर. हृषिकेश म्हणाला, बाईच्या अंगात आलंय.

परतताना मांड्या अशा भरून आल्या की गाडीचं दार धरून उतरावं लागलं. मंगळवारी त्याहून वाईट. जिना उतरताना आई गं, खुर्चीत बसताना आई गं. ऑफिसात सगळे हसले, पहिल्या बर्फानंतर सगळ्यांचं असंच होतं म्हणाले. आणि खरं सांगू, मला बरं वाटत होतं. इतकं, की हृषिकेश तेल गरम करून घेऊन आला तर मी नको म्हणाले. का, ते मला त्याला सांगता येईना. मलाही नीट कळत नव्हतं.

त्याच संध्याकाळी माझी मैत्रीण सुखदा हिच्याकडे पौर्णिमेचा सत्यनारायण होता. कथेला आम्ही सगळ्या सतरंजीवर. आरतीला उठायची वेळ आली आणि मला उठता येईना. शेवटी ओणवी झाले, हात आधी जमिनीवर टेकले, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, आणि हातांनीच स्वतःला वर ढकलत उभी राहिले. बायका हसल्या, मीही हसले. शेजारी बसलेली मैथिली हसली नाही. घरी जाताना गाडीत मागून हळूच म्हणाली, “आई, यू गॉट अप लाइक यतिनमामा.”

हृषिकेशने तिला समजावलं, आईचे पाय स्कीइंगने दुखताहेत, मामाचा आजार वेगळा.

तुझं निदान झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की हा स्नायूंचा आजार रक्तातून येतो, सख्ख्या बहिणीनेही तपासून घ्यावं. तू फोनवर दर वेळी विचारतोस आणि मी आईच्या गुडघेदुखीच्या विषयावर घसरते. नाही केली रे मी तपासणी. भीती वाटते. स्कीइंगलाही मी मजा करायला गेले नव्हते, पाय अजून माझं ऐकतात का ते बघायला गेले होते. ऐकले की. मग सतरंजीवर काय झालं?

मला काहीच सुधरत नाही. दुखतंय म्हणजे स्नायू शाबूत आहेत, असं मी मनाशी धरून चालले होते. आता दुखणं थांबलं. घरात सगळ्यांना हायसं वाटलं आणि मी मांड्या दाबून दुखरी जागा शोधतेय. अशी बाई कुठे पाहिलीस का?

एक विचारू? अगदी सुरुवातीला तू तसा हात टेकून उठायला लागलास, तेव्हा तुझे पाय दुखायचे का? हो म्हणालास तरी मी घाबरणार, नाही म्हणालास तरी घाबरणार. मग कशाला विचारतेय, तेही मला ठाऊक नाही. पण सांग. माझी समजूत घालायला म्हणून काहीतरी लिहू नकोस.

हृषिकेश मैथिलीला नेटबॉलला घेऊन गेलाय. मी एकटीच हॉलमध्ये जमिनीवर मांडी घालून हे लिहितेय. आज काहीही दुखत नाही, त्यामुळे आता सबबही उरलेली नाही. हात न टेकता उठून बघायचंय. मघापासून तेवढ्याचसाठी पत्र लांबवत बसलेय.

आईची काळजी घे. स्वतःचीही.

तुझी,
अजून न उठलेली,
नीरजा