हॉलपर्यंत न येणारी घंटी

४ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून कला. रिटायर होऊन दोन महिने झाले, पेपर वाचून चिडण्यापलीकडे समाजासाठी काही केलं नाही. आता घरातल्याच भंगारातून समाजाचे डोळे उघडायचे. अंड्यांचे ट्रे, बाटल्यांची झाकणं, हिच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. (त्यांना आमच्याकडे तोटा नाही.) कलाकृती जिन्याच्या वळणावर ठेवायच्या, येता-जाता लोक बघतील. अर्थात हिच्या सेवेत खंड न पडू देता.

५ फेब्रुवारी
'मोबाइल कुटुंब' पूर्ण. ट्रेची चार डोकी, प्रत्येकापुढे चंदेरी मोबाइल, कुणीच कुणाकडे बघत नाही. हिच्या पलंगापाशी नेऊन दाखवलं. डाव्या अंगावरून वारं गेल्यापासून हिचं हसू अर्धंच उमटतं, पण खूप हसली. एक डोकं हुबेहूब तिच्या धाकट्या बहिणीसारखं आहे म्हणाली. मग म्हणाली, इथेच बसून करा ना, मला बघता येईल. हॉलमध्ये उजेड चांगला असतो, हे तिला समजावून सांगितलं.

९ फेब्रुवारी
'बंद लिफ्ट' जिन्यावर ठेवली. बिल्डिंगच्या सेक्रेटरींनी पाहिली, काही बोलले नाहीत. अंतर्मुख झाले असावेत.
संध्याकाळी ती कचऱ्याच्या डब्यात सापडली. खरं बोललेलं झोंबतं लोकांना.

१२ फेब्रुवारी
हिची तक्रार. म्हणे तीनदा घंटी वाजवली, तुम्ही आला नाहीत. ही घंटी माझ्या ऑफिसच्या टेबलावरची, निरोपाच्या दिवशी मागून आणलेली. इतकी वर्षं मी बोटाने टिंग केलं की शिपाई दारात हजर. आता ती हिच्या उशाशी असते. पण तिचा आवाज हॉलपर्यंत येत नाही, त्याला मी काय करणार? मधे पॅसेज आहे, पंखा आहे. हिला तसं सांगितलं. बरं म्हणाली. पाणी दिलं, चादर बदलली, फारशी कुरकुर न करता.
संकल्प: दर अर्ध्या तासाने आपणहून डोकावायचं.

१३ फेब्रुवारी
दिवसभरात दोनदा डोकावलो. गोंद वाळेपर्यंत हात सोडता येत नाही.

१८ फेब्रुवारी
वाचनालयात प्रदर्शन आहे! मोठं काम करणार. विषय पेपरातच मिळाला: घरात माणसं असून एकटे पडलेले आजारी लोक. वाचून अंगावर काटा आला. किती निर्दय झालोय आपण. (म्हणजे समाज.) पुठ्ठ्याची खोली, पाकिटांची खिडकी, खाटेवर कापसाची बाई. नाव: 'कुणी ऐकतंय का?' करताना डोळ्यांत पाणी आलं. नेमकी तेव्हाच आतून घंटी सुरू झाली आणि सगळी तंद्री मोडली.

२१ फेब्रुवारी
कशाची तरी उणीव भासत होती. आज सुचलं. घंटी! खरीखुरी! हिला विचारलं, तीन दिवस नेऊ का. म्हणाली, न्या, नाहीतरी तुम्हाला ऐकू येत नाही. किती समजूतदार बायको! पर्यायी व्यवस्था म्हणून स्टीलचा पेला आणि चमचा उशाशी ठेवला.

२२ फेब्रुवारी, दुपारी १२, वाचनालय
मला 'टाकाऊतून टिकाऊ'च्या टेबलावर टाकलंय, पेनस्टँड आणि फुलदाण्यांच्या मधे. असो. लोक घंटी बडवतील म्हणून पुढे पाटी ठेवली: 'कृपया हात लावू नये.' एक बाई बराच वेळ उभ्या राहून डोळे पुसत होत्या. लगबगीने गेलो. सर्दी झाली होती त्यांना.
पेपरवाले येतील म्हणतात. थांबतो. मोबाइल बंद ठेवलाय. 'मोबाइल कुटुंब' करणाऱ्याने एवढं तरी पाळावं.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ
लिहवत नाही.
ही पॅसेजमध्ये पडली होती. बाथरूमला जायचं होतं. कामवाल्या मावशी त्यांच्याकडच्या किल्लीने आत आल्या तेव्हा फरशीवर चमचा आपटत होती. कधीपासून, ते सांगत नाही. मावशींनी मला चार फोन केले.
मनगट मोडलं. उजवं. म्हणजे चालत होतं ते.
पेपरवाले आले नाहीत.

२५ फेब्रुवारी
मुलगी येऊन हिला घेऊन गेली. मी म्हणालो, महिनाभर ठीक आहे. मुलीने हिचे सगळेच कपडे बॅगेत भरले. ही जाताना म्हणाली, उशाच्या खणात बघा. बघितलं. गोळ्यांची रिकामी पाकिटं, एकेक सरळ करून, रबर लावून ठेवलेली. एका हाताने रबर कसं लावलं असेल?

६ मार्च
फोन केला. परत कधी येतेस विचारलं. म्हणाली, अहो, इथे नुसती हाक मारली की कुणीतरी येतं. मग विचारलं, नवीन काय केलंत? जोरात आहे काम, म्हणून सांगितलं. खरं तर २२ फेब्रुवारीपासून हॉलमधल्या टेबलाकडे गेलेलो नाही.

८ मार्च, सकाळी ११
वाचनालयाचा निरोप आला, सामान घेऊन जा. बाकी तिथेच टाकलं, घंटी आणली. हिच्या उशाशी ठेवली. मनात आलं, ती यायच्या आत आवाजाचा बंदोबस्त करून टाकू. वायर ओढून हॉलमध्ये बझर बसवू. पण आधी रीतसर चाचणी. मावशींना आत वाजवायला सांगितलं. मी हॉलमध्ये, नेहमीच्या खुर्चीवर. पंखा पाचवर.
स्वच्छ ऐकू आली.
पुन्हा वाजवा म्हणालो. मावशी आतून म्हणाल्या, अजून किती वेळा? मला तर ही जिन्यातसुद्धा ऐकू यायची.
पुन्हा वाजली. उठलो, आत गेलो. मावशी पलंगाची चादर काढत होत्या. म्हणाल्या, तुम्ही कशाला आलात? इथे कुणाला काही नकोय.